गतीचा लगाम
(गव्हर्नर-यंत्राच्या इतिहासावर एक दृष्टिक्षेप)

विजेसंबंधीं बोलतांना तिचा दाब, तिचा दर आणि तिचा अभाव या तीन गोष्टींचा आपण नित्य उल्लेख करतों. परंतु तिच्या गतीचा विचार आपल्या मनांत सहसा येत नाहीं. धान्य कोठारांत राहतें, पाणी धरणांत राहतें, द्रव्य पेढींत राहतें. विजेची गोष्ट तशी नाहीं. बॅटऱ्यांसारखे अपवाद सोडले, तर ज्या क्षणीं सोलापुरांतील एखाद्या घरीं दिवा लागतो, त्याच क्षणीं कोठें तरी एखाद्या केंद्रांत तेवढी वीज निर्माण व्हावी लागते. जमा आणि खर्च यांचा मेळ वर्षअखेर नव्हे, महिनाअखेर नव्हे, तर प्रत्येक निमिषास बसला पाहिजे, असा हा विलक्षण जमाखर्च आहे. तो बसला नाहीं, तर तूट कोणाच्या खातीं मांडावयाची? ती यंत्रांच्या गतींत मांडली जाते.

हें कसें घडतें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. भारतांत विजेचा प्रवाह दर सेकंदास ५० आवर्तनें करतो. या संख्येस वारंवारता म्हणतात. औष्णिक केंद्रांतील दोन ध्रुवांचें जनित्र मिनिटास ३,००० फेरे करूं लागलें म्हणजे ही संख्या साधते. मागणी एकाएकीं वाढली, तर तें वाढीव काम प्रथम त्या फिरत्या लोखंडाच्या अंगच्या वेगांतून वसूल होतें. फेरे किंचित् मंदावतात आणि वारंवारता ५० च्या खालीं उतरते. मागणी घटली, तर याच्या उलट प्रकार होतो. शिवाय एका जाळ्यास जोडलेलीं सर्व जनित्रें प्रवाहाच्या अदृश्य बंधनानें एकमेकांस जखडलेलीं असल्यामुळें, कोयनेचें जलचक्र मंदावलें आणि पंजाबांतील वाफेचें चक्र मात्र आपल्याच वेगानें फिरत राहिलें, असें फार वेळ चालूं शकत नाहीं. सर्वांची गति एक. म्हणून हा ५० चा आंकडा म्हणजे साऱ्या देशाच्या वीजव्यवहाराची नाडीच होय. ती ठिकाणावर ठेवणें हें ज्या यंत्राचें काम, त्याचा इतिहास आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या यंत्रास गव्हर्नर म्हणतात. मुंबई इलाख्याच्या काळीं या शब्दानें लाटसाहेबांची स्वारी डोळ्यांपुढें उभी राहत असे, आणि गव्हर्नर म्हणजे हुकूम सोडणारा अशीच आमच्या लोकांची समजूत झाली होती. परंतु शब्दाचें मूळ पाहिलें, तर अर्थ निराळा निघतो. ग्रीक भाषेंत सुकाणू धरणाऱ्या नाविकास जो शब्द होता, तोच लॅटिनच्या मार्गानें इंग्रजींत आला. नाविक वाऱ्यास आज्ञा करीत नाहीं. होडी किती वळली तें पाहून तो सुकाणू उलट वळवितो. नॉर्बर्ट वीनर यानें १९४८ सालीं नियंत्रणशास्त्रास नांव दिलें, तेंही याच ग्रीक शब्दावरून, आणि तें देतांना त्यानें गव्हर्नरविषयींच्या एका जुन्या निबंधाचें ऋण मान्य केलें. त्या निबंधाकडे आपण लवकरच येऊं.

गव्हर्नरचा शोध जेम्स वॅटनें लावला, असें शाळांतील पुस्तकांतून सांगण्याची चाल आहे. ती फारशी बरोबर नाहीं. इंग्लंडांतील पवनचक्क्यांवर वारा जोराचा सुटला कीं दगड बेफाम फिरत आणि त्यांमधील अंतर बिघडून पीठ जाडेंभरडें पडे. यावर उपाय म्हणून उभ्या दांड्यास दोन गोळे टांगण्याची युक्ति चक्कीवाल्यांनीं काढिली होती. टॉमस मीड यानें १७८७ सालीं अशा योजनेचें पेटंटही घेतलें. दांडा वेगानें फिरूं लागला कीं गोळे बाहेर फांकून वर चढतात. त्यांच्या चढउतारानें तरफ हलते आणि दगडांमधील अंतर आपोआप सांवरलें जातें. १७८८ सालीं वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन यानें लंडनच्या ॲल्बियन मिलमध्यें ही करामत पाहिली आणि वॅटला ती पत्रानें कळविली. वॅटनें त्याच सुमारास ती तरफ वाफेच्या झडपेस जोडली. वेग वाढला, गोळे वर चढले, झडप मिटली. वेग घटला, गोळे खालीं आले, झडप उघडली. वॅटनें या युक्तीचें पेटंट घेतलें नाहीं. ती आपली नव्हे, याची त्यास जाणीव होती. पिठाच्या गिरणींत जन्मलेली ही वस्तु अशा रीतीनें कारखानदारीच्या युगाची राखणदार झाली.

तथापि या राखणदारांत दोन खोडी होत्या. पहिली अशी कीं, यंत्रावर भार वाढला असतां तें पूर्वीच्याच वेगावर परत येत नसे. थोड्या कमी वेगावर स्थिर होई. कारण उघड आहे. झडप अधिक उघडी राहावयाची, तर गोळे पूर्वीपेक्षां खालींच राहिले पाहिजेत, आणि ते खालीं राहावयाचे तर वेग कमीच पाहिजे. दुसरी खोड अधिक घातक होती. कांहीं यंत्रें स्थिर होण्याऐवजीं हेलकावे खाऊं लागत. वेग वाढे, झडप गरजेहून अधिक मिटे. वेग पडे, झडप गरजेहून अधिक उघडे. आणि हा खेळ थांबण्याऐवजीं दर फेऱ्यास वाढत जाई. आश्चर्य असें कीं, जसजशीं यंत्रें अधिक सुबक आणि गुळगुळीत होऊं लागलीं, तसतसा हा विकार बळावला. कारागिरी सुधारली आणि वर्तन बिघडलें!

या कोड्याकडे गणितज्ञांचें लक्ष प्रथम वेधलें तें कारखान्यामुळें नव्हे, तर आकाशामुळें. ग्रीनिचचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांस दुर्बीण ताऱ्याच्या मागोमाग संथ गतीनें फिरवावयाची होती. त्यासाठीं बसविलेला नियामक एकदां असा पिसाटला कीं, दुर्बिणीचें काम अशक्य झालें. १८४० सालीं एअरींनीं या प्रकाराचें गणिती विवेचन प्रसिद्ध केलें. पुढें १८६८ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें गव्हर्नरांविषयींचा आपला निबंध ठेविला. विजेच्या रोधाचें एकक ठरविण्याच्या प्रयोगांत त्यास समगतीनें फिरणारें वेटोळें लागलें होतें. त्यामुळें हा विषय त्याच्या हातांत आयताच आला होता. मॅक्सवेलनें प्रश्नाचें स्वरूपच पालटलें. यंत्र चांगलें कीं वाईट हें न विचारतां त्यानें विचारलें: यंत्राच्या गतींत लहानसा विक्षेप झाला, तर तो कालांतरानें विरतो, कीं वाढतो? हें उत्तर एका समीकरणाच्या मुळांवर अवलंबून असतें, असें त्यानें दाखविलें. साध्या यंत्रांसाठीं त्यानें तें सोडविलें. अधिक गुंतागुंतीच्या यंत्रांसाठीं तें काम इतरांवर सोंपविलें. तें पुरें केलें एडवर्ड राउथ यानें, १८७७ च्या ॲडम्स पारितोषिकाच्या प्रबंधांत. केंब्रिजच्या १८५४ च्या गणित-परीक्षेंत राउथ पहिला आला होता आणि मॅक्सवेल दुसरा. आतां मॅक्सवेल त्या पारितोषिकाच्या परीक्षकांपैकीं एक होता. विद्येच्या क्षेत्रांत असें सौजन्य पाहिलें म्हणजे मन प्रसन्न होतें.

त्याच काळीं रशियांत इव्हान व्हिश्नेग्राद्स्की या प्राध्यापकानें स्वतंत्रपणें तोच प्रश्न हातीं घेतला, आणि १८७६-७७ मध्यें कारखानदारांस समजेल अशा भाषेंत त्याचें उत्तर दिलें. त्याच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा: घर्षणाचा शत्रु म्हणून तुम्ही जें यंत्र गुळगुळीत करीत आहां, त्यांतील घर्षणच त्यास स्थिर ठेवीत होतें. म्हणून नैसर्गिक घर्षण घालविलें, तर त्याच्या जागीं तेलाचा किंवा पाण्याचा दट्ट्या बसवून कृत्रिम विरोध निर्माण केला पाहिजे. हाच प्राध्यापक पुढें रशियाचा अर्थमंत्री झाला. राज्याच्या तिजोरीस यंत्राचा हा धडा कितपत उपयोगी पडला, याची चर्चा येथें नको. परंतु प्रत्येक हुकमाची तत्काळ आणि पूर्ण अंमलबजावणी करणारा नोकर हाच सर्वांत उत्तम नोकर, ही समजूत यंत्रांच्या बाबतींत तरी खोटी ठरली, एवढें आम्ही नोंदून ठेवितों.

वाफेपेक्षां पाणी अधिक हट्टी. डोंगरावरून नळांतून येणारा पाण्याचा स्तंभ टनावारी वजनाचा असतो. भार कमी झाला म्हणून दार मिटावयास घेतलें, तर तो धांवता स्तंभ एकदम थांबत नाहीं; उलट दाब वाढून चक्रावर क्षणभर अधिकच जोर येतो. म्हणजे वेग कमी करण्यासाठीं केलेली कृति आरंभीं वेग वाढविते! फारच घाईनें मिटलें, तर नळ फुटण्याची भीति. झुरिकच्या तंत्रविद्यालयांतील प्राध्यापक औरेल स्टोडोला यांनीं १८९३-९४ मध्यें या प्रश्नाचीं समीकरणें मांडलीं. तीं इतकीं वाढलीं कीं, त्यांनीं आपले सहाध्यापक, प्रसिद्ध गणिती आडोल्फ हुर्विट्झ यांची मदत मागितली. हुर्विट्झ यांनीं १८९५ सालीं दिलेली कसोटी आजही अभियांत्रिकीचा प्रत्येक विद्यार्थी राउथच्या नांवासह शिकतो. आल्प्समधील डाव्होस या आरोग्यस्थानाच्या जलविद्युत्केंद्रावर ती उपयोगांत आणिली गेली. उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या पेल्टन चक्रांत तर आणखी एक तोड काढण्यांत आली. भार एकदम गेला तर गव्हर्नर प्रथम एक पत्रा आडवा करून पाण्याची धार चक्रावरून बाजूस वळवितो, आणि मग धारेच्या मुखांतील सुई सावकाश पुढें सरकवून पाणी कमी करितो. आपल्या सह्याद्रींत, १९१५ सालीं सुरू झालेल्या टाटांच्या खोपोली केंद्रांत, सुमारें पांचशें मीटर उंचीवरून उतरणारें पाणी पेल्टन चक्रांवरच पडतें.

एकट्या यंत्राचा प्रश्न येथवर सुटला. परंतु अनेक यंत्रें एका जाळ्यास जोडलीं जाऊं लागतांच नवा प्रश्न उभा राहिला, आणि गव्हर्नरची जी पहिली खोड म्हणून आम्हीं वर सांगितली, तीच येथें त्याचा सर्वांत मोठा गुण ठरली. समजा, दोन यंत्रें शेजारीं शेजारीं चालत आहेत आणि दोन्हींचे गव्हर्नर ५० च्या आंकड्यावर तिळभरही तडजोड करावयास तयार नाहींत. दोहोंच्या मापांत केंसाइतका फरक असला, तरी एक म्हणेल वेग कमी आहे, दुसरा म्हणेल अधिक आहे. एक सारा भार ओढून घेईल आणि दुसरा अंग काढून मोकळा होईल. म्हणून प्रत्येक गव्हर्नरला जाणूनबुजून थोडा झुकता स्वभाव देतात. इंग्रजींत त्यास ड्रूप म्हणतात, आपण उतार म्हणूं. उतार शेंकडा ४ असेल, तर २ आवर्तनांच्या घटीस यंत्र आपली पूर्ण शक्ति देऊं लागतें. अर्थात् एका आवर्तनाच्या दशांशाइतकी घट झाली, तर शक्तीच्या शेंकडा ५. मग २०० मेगावॅटचें यंत्र १० मेगावॅट उचलतें आणि ५०० मेगावॅटचें २५. कोणी कोणास निरोप धाडीत नाहीं, कोणी वांटणी करीत नाहीं. प्रत्येक जण एकच आंकडा पाहतो आणि आपल्या ऐपतीप्रमाणें भार उचलतो. गांवजत्रेची वर्गणीही इतक्या न्यायानें गोळा होत नसेल.

उतारामुळें पडझड थांबते, पण वारंवारता नेमकी ५० वर परत येत नाहीं. ती आणण्यासाठीं मागाहून निराळा उपाय करावा लागतो. या कामास घड्याळानें मोठी चालना दिली. अमेरिकेंत हेन्री वॉरेन यानें विजेच्या आवर्तनांवर चालणारें घरगुती घड्याळ बनविलें. परंतु वीजकेंद्राची गतीच चुकार, तर घड्याळ खरें कसें राहावें? म्हणून १९१६ सालीं त्यानें बोस्टनच्या वीजकेंद्रांत एक मुख्य घड्याळ बसविलें. त्याचा एक कांटा लंबकावर चाले आणि दुसरा केंद्राच्या विजेवर. दोन्ही कांटे एकावर एक राहतील अशा बेतानें यंत्र चालवावें, एवढीच कामगारास सूचना. ही परंपरा युरोपांत अजून जिवंत असल्याचा प्रत्यय २०१८ च्या आरंभीं आला. सर्बिया आणि कोसोव्हो यांच्या तंट्यांत विजेची भरपाई कोणीच करीना. तूट अत्यल्प, पण कित्येक आठवडे टिकलेली. परिणामीं मार्चपर्यंत पोर्तुगालपासून पोलंडपर्यंतच्या स्वयंपाकघरांतील विजेवरचीं घड्याळें सुमारें सहा मिनिटें मागें पडलीं. दोघांच्या भांडणाचा दंड साऱ्या खंडानें भरला.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९४८ च्या विद्युत्-कायद्यानंतर राज्यांचीं वीजमंडळें झालीं आणि हळूहळू पांच प्रादेशिक जाळीं विणलीं गेलीं. जाळीं वाढलीं, पण शिस्त वाढली नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत सायंकाळीं वारंवारता ४८ च्या आसपास घसरावी आणि रात्रीं ५१ च्या वर चढावी, असे प्रकार होत. ज्या राज्यास वीज हवी तें जाळ्यांतून ओढून घेई. अतिरिक्त ओढल्याबद्दल निराळा दंड नसे. रात्रीं मागणी नसतांही निर्मिति कमी करण्यांत कोणाचाच लाभ नसे. अशा स्थितींत गव्हर्नर मोकळा ठेवावा, तर तें यंत्र अष्टौप्रहर इतरांच्या पापाचें क्षालन करीत वरखालीं धांवत राहणार. म्हणून अनेक केंद्रांतून गव्हर्नरांना वेसण घालून ठेविली गेली. प्रत्येक केंद्राच्या दृष्टीनें हा शहाणपणाच होता; सर्वांचा मिळून मात्र तो अविचार होता. दोनशें वर्षांच्या बुद्धीचें फळ असलेलें यंत्र जागच्या जागीं होतें, आणि तें जागें नव्हतें.

उपाय निघाला तो यंत्रशाळेंतून नव्हे, तर हिशेबाच्या वहींतून. १ जुलै २००२ रोजीं आपल्या पश्चिम विभागांत प्रथम अशी दरपद्धति सुरू झाली कीं, ठरल्याहून अधिक ओढलेल्या विजेचा भाव त्या क्षणाच्या वारंवारतेवर ठरावा. वारंवारता घसरली कीं भाव चढावा, चढली कीं भाव उतरावा. या योजनेच्या प्रवर्तकांत भानु भूषण यांचें नांव प्रामुख्यानें घेतलें जातें. विचार केला, तर हेंही वॅटचेंच यंत्र; गोळ्यांच्या जागीं रुपये टांगले, इतकेंच. वारंवारता पुष्कळ सुधारली. पुढील वर्षाच्या अखेरपर्यंत पांचही विभागांत ही पद्धति पोंचली.

परंतु पैशाचा गव्हर्नर मिनिटांच्या हिशेबानें चालतो. संकट सेकंदांच्या हिशेबानें येतें. ३० जुलै २०१२ च्या पहांटे २ वाजून ३३ मिनिटांनीं बिना-ग्वाल्हेर ही वाहिनी तुटली आणि उत्तर विभाग अंधारांत गेला. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एकच्या सुमारास पुन्हा तीच वाहिनी तुटली, आणि या वेळीं उत्तर, पूर्व व ईशान्य असे तीन विभाग कोसळले. साठ कोटींहून अधिक लोकवस्तीचा तो प्रदेश. आगगाड्या थांबल्या, खाणकामगार खालीं अडकले. पश्चिम व दक्षिण विभाग वांचले. मूळ कारण अशक्त वाहिन्यांवर पडलेला अतिभार हें होतें, आणि तो भार पडण्याचें कारण ठरल्याहून अधिक वीज ओढण्याची जुनी संवय. तथापि चौकशी-समितीनें आणखी एका गोष्टीवर बोट ठेविलें: संकटाच्या क्षणीं जनित्रांनीं गव्हर्नरद्वारां जी तात्काळ साथ द्यावयाची, ती दिली नव्हती.

त्यानंतरची प्रगति समाधानकारक आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजीं रायचूर-सोलापूर वाहिनीनें दक्षिण विभाग उर्वरित देशास जोडला गेला आणि साऱ्या भारताची वारंवारता एक झाली. या गांठीचें एक टोंक महाराष्ट्रांत आहे, हें आम्हांस अभिमानास्पद वाटतें. वारंवारतेची मर्यादा क्रमाक्रमानें आवळीत २०१४ सालीं ४९.९० ते ५०.०५ पर्यंत आणण्यांत आली. खरी परीक्षा झाली ती ५ एप्रिल २०२० च्या रात्रीं. महामारीच्या दिवसांत नऊ वाजतां नऊ मिनिटें घरोघर दिवे मालविण्याचें आवाहन झालें, आणि देशाची मागणी सुमारें ३१,००० मेगावॅटनीं खालीं आली. आधीं केलेल्या अंदाजाच्या ही घट दुपटीहून अधिक होती. जलविद्युत्केंद्रें अगोदरच भरून चालविलीं होतीं. पंचवीस मिनिटांच्या आंत तीं २५,५०० वरून ८,००० मेगावॅटपर्यंत उतरविण्यांत आलीं, आणि दिवे लागतांच पुन्हा चढविण्यांत आलीं. नियंत्रण-कक्षांची पूर्वतयारी, चालकांचें कसब आणि यंत्रांची तत्परता या तिन्हींच्या मेळानें वारंवारता ४९.७० आणि ५०.२६ यांच्या दरम्यान राहिली. लोक अंगणांत पणत्या पाहत होते; त्या वेळीं सह्याद्रीपासून हिमालयापर्यंतच्या नळांतील पाणी आवरलें जात होतें, याची कल्पना किती जणांस असेल?

आतां नवें पर्व सुरू झालें आहे. सौर-पटलांत फिरतें लोखंड नाहीं. त्यामुळें धक्का पचविणारी ती जुनी जडता जाळ्यांतून कमी कमी होत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियांत २८ सप्टेंबर २०१६ रोजीं वादळानें वाहिन्या पडल्या आणि सारें राज्य अंधारांत बुडालें. पुढच्याच वर्षीं तेथें १०० मेगावॅटची बॅटरी उभी राहिली. सेकंदाच्या अल्पांशांत ती वीज देते वा घेते. तिच्यांत गोळे नाहींत, तरफ नाहीं, तेल नाहीं. परंतु तिनें किती द्यावें हें ठरविणारा नियम पाहिला, तर तो तोच आपला जुना उतार आहे: गति जितकी ढळली, तितक्या प्रमाणांत आपला वांटा उचलावा.

यंत्रें बदलतील. नियम टिकेल कीं नाहीं, हें मात्र यंत्रांवर अवलंबून नाहीं. वेसण घालणारे हात माणसांचेच होते, आणि ती सोडविणारेही माणसेंच होतीं. ज्या देशांत लक्षावधि घरें आपापल्या छपरावर वीज निर्माण करूं लागलीं आहेत, त्या देशांत सामायिक गतीची काळजी वाहण्याचें काम यापुढें मोठ्या केंद्रांचेंच राहणार नाहीं. तें थोडेंथोडें प्रत्येक घराच्या वांट्यास येणार आहे. तो वांटा आपण कोणत्या वृत्तीनें उचलतों, यावर पुढील पिढीचा दिवा अवलंबून राहील.